मुलांना ‘येतो’ म्हणायला शिकवू या

व्याकरणाच्या तासाला ‘काढता पाय घेणे’ हा वाक्प्रचार आला की फारसा वेळ लागत नाही. अर्थ फळ्यावर लिहायचा, वाक्यात उपयोग करायला सांगायचा आणि पुढे जायचं. मुलांची वाक्यंही ठरलेली असतात. पोलीस दिसताच चोरांनी काढता पाय घेतला. भांडण वाढताच रामूने काढता पाय घेतला. म्हणजे निघून जाणारा एक तर चोर, नाही तर भित्रा. लग्नाला आला, सगळ्यांना भेटला, पोटभर जेवला आणि आता पुरे झालं म्हणून घरी निघाला, असा साधा माणूस या वाक्यांत कधी सापडत नाही.

आपल्या वर्गात मात्र तो असतो. चाळीस मुलांच्या वर्गात अशी चार-पाच मुलं-मुली सहज निघतील. त्यांच्यासाठी मराठीत शब्दांची कमी नाही. घुमा, मुखदुर्बळ, एकलकोंडा, माणूसघाणा. सगळे दोष दाखवणारे. ‘मितभाषी’ हा बरा शब्द आहे, पण तो आपण मोठ्यांसाठी राखून ठेवतो. सत्काराच्या भाषणात साहेब मितभाषी असतात आणि त्याच स्वभावाचा सहावीतला मुलगा घुमा असतो!

पालक सभेत हा विषय दर वर्षी निघतो. “मॅडम, घरी पाहुणे आले की हा आतल्या खोलीत जाऊन बसते. लग्नात नेलं तं तासाभरात ‘घरी चला, घरी चला’ लावते. काय करावं याचं?” प्रश्न विचारणाऱ्या आईचा चेहरा खरोखर काळजीत असतो. पोराला काहीतरी झालंय असं तिला वाटतं. म्हणून हा लेख.

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही माणसांची विभागणी कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने 1921 सालच्या आपल्या पुस्तकात मांडली आणि तिथून ती जगभर गेली. पूर्णपणे अंतर्मुख किंवा पूर्णपणे बहिर्मुख असा माणूस नसतो, हेही त्यानेच सांगितलं होतं. आपण तेवढं सोयीने विसरलो. पुढे हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने 1967 मध्ये त्याचा संबंध मेंदूच्या उत्तेजनाशी जोडला. काहींचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, त्यामुळे आवाज, गर्दी, बोलणं त्यांना लवकर ‘भरपूर’ होतं, असा तो विचार. त्यातला प्रत्येक तपशील पुढच्या संशोधनात टिकला असं नाही. पण वर्ग सांभाळणाऱ्या कोणालाही त्यातली मूळ गोष्ट ओळखीची वाटेल.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पालकांची सगळी गल्लत तिथेच होते. लाजाळू मूल आणि अंतर्मुख मूल एक नव्हे. लाजाळू मुलाला थांबायचं असतं, मिसळायचं असतं, पण भीती वाटते. अंतर्मुख मुलाला भीती नसते. ते येतं, खेळतं, मामेभावंडांशी हसतं, आणि मग त्याचं मन भरतं. जेवताना आपलं पोट भरतं तसं. पोट भरलेल्या माणसाच्या ताटात तिसरी पुरणपोळी टाकली तर त्याला जे होतं, तेच या मुलाला चौथ्या तासाला डीजेसमोर उभं केल्यावर होतं. त्याला त्या घरातली माणसं आवडत नाहीत असं मुळीच नाही. त्याचं झालेलं असतं, एवढंच.

मग ते काय करतं? पोट दुखल्याचं सांगतं. सातवीतल्या एका मुलीने मला हे हिशेब मांडल्यासारखं समजावून सांगितलं होतं. नुसतं ‘मला जायचं’ म्हटलं की कोणी सोडत नाही, उलट चार जण विचारायला येतात. पोट दुखतं म्हटलं की लगेच सोडतात. आता हिला आपण काय शिकवलं ते पाहा. खरं कारण चालत नाही, खोटं चालतं. मूल्यशिक्षणाच्या तासाला सत्य हे मूल्य शिकवायचं आणि मावशीच्या लग्नात त्याची अशी वासलात लावायची.

काही मुलं खोटं बोलत नाहीत. ती मोबाईल घेऊन उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसतात, किंवा मंगल कार्यालयाच्या मागच्या पायऱ्यांवर. आणि काही मुलं पुढच्या वेळी येतच नाहीत. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या शेवटच्यांची. चौदा-पंधराव्या वर्षी मुलगा ‘मी येणार नाही’ म्हणून घरी बसतो, आणि आपण म्हणतो, आजकालच्या पोरांना नातीगोती नकोत. त्याला नाती नको असतात असं नाही. जिथून निघता येत नाही तिथे जायला तो धजत नाही. दार बाहेरून बंद होणाऱ्या खोलीत कोण स्वतःहून शिरेल?

गंमत अशी, की आपल्या रीतिरिवाजांनी हा प्रश्न पूर्वी बराच सोडवून ठेवला होता. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणारं हळदीकुंकू आठवा. बाई येते, हळदीकुंकू लावलं जातं, अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, ओटी, हातात वाण. झालं. दहा मिनिटांत ती पुढच्या घरी जायला मोकळी. ज्यांना गप्पा मारायच्या त्या बसतात, पण वाण हातात पडल्यावर उठणाऱ्या बाईला ‘लवकर चाललीस’ असं कोणी म्हणत नाही, कारण वाण म्हणजेच निरोप. अबोल बाईसाठी याहून सोयीचा समारंभ मला माहीत नाही. पूर्वीच्या दरबारांतही तेच होतं. अत्तर-गुलाब झालं, पानाचा विडा हाती आला, की उठायची वेळ झाली असं समजायचं. विडे देऊन निरोप दिल्याचे उल्लेख जुन्या कागदपत्रांत येतात. आपण मुलांना ‘विडा उचलणे’ तेवढं शिकवतो, हा निरोपाचा विडा राहून जातो.

आणि गणपती? त्याचं जाणं तर तो येण्याआधीच ठरलेलं असतं. दीड दिवस, पाच दिवस, सात दिवस, नाही तर अनंत चतुर्दशी. दीड दिवसांनी जाणाऱ्या गणपतीला कोणी माणूसघाणा म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. उत्तरपूजा होते, हातावर दही ठेवतात, पुढच्या वर्षी लवकर या म्हणून सांगतात आणि पोचवून येतात.

भाषेनेही हेच काम केलं आहे. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे आपल्या आज्या शिकवत आल्या. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. संपण्याला मराठी माणूस थेट नाव देत नाही. कोणी याला अंधश्रद्धा म्हणेल. मला त्यात एक शहाणपण दिसतं. ‘येतो’ या एका शब्दात मी निघालो हेही सांगितलं जातं आणि तुम्ही मला नकोसे झाला नाहीत हेही. इंग्रजीत जे सांगायला दोन-तीन वाक्यं लागतील ते इथे एका क्रियापदात बसतं.

मग बिनसलं कुठे? मला वाटतं, निघण्याच्या या वाटा एकेक करून बुजल्या आणि त्यांच्या जागी आपण दुसरं काही ठेवलं नाही.

आपल्या जिल्ह्यापुरती एक वाट सांगते : शेवटची एसटी. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव इथे रेल्वे आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या भागात भरवसा एसटीचाच. लग्नाला आलेला पाहुणा साडेपाचला घड्याळ पाहायचा आणि म्हणायचा, “निघतो जी, गाडी चुकन.” त्यावर कोणाचं काही चालायचं नाही. उलट यजमानच पोराला पिटाळायचा, “जाय रे, मामाले स्टँडवर सोडून दे.” त्यातल्या किती जणांना खरोखर गाडी चुकण्याची भीती असायची आणि किती जणांना नुसती शांतता हवी असायची, हे विचारायची गरजच नव्हती. एसटीचं वेळापत्रक अंतर्मुख माणसाची बाजू घ्यायचं. आता घरोघरी मोटारसायकल आहे, दारात चारचाकी आहे. ‘गाडी चुकते’ म्हणायची सोय गेली. “तुही तं सोताची गाडी हाय, मंग काऊन घाई?” या प्रश्नाला उत्तर नाही.

दुसरी वाट पंगतीतल्या कामाची. पंगत बसली की गावातले पोरं वाढायला उभे राहायचे. कोणी बुंदीचं भगोनं घेतलं, कोणी वरणाची बादली, कोणी पाण्याचा जग. मी पाहिलंय, यात न बोलणारी मुलं हटकून असायची. कारण वाढप्याला गप्पा माराव्या लागत नाहीत. ‘भात? वरण? पुरे?’ एवढ्या तीन शब्दांवर दोन तास निघतात, आणि गावातल्या प्रत्येक माणसाची भेटही होते. घरात तेच काम स्वयंपाकघर करायचं. ज्या सुनेला बैठकीतल्या कालव्यातून उठायचं असे ती चहाची भांडी विसळायला आत जाई. (तिला तिथून घरी मात्र जाता येत नसे, हे वेगळं. निघण्याचं स्वातंत्र्य आपण बायकांना कायम पुरुषांहून कमी दिलं, आणि मुलींना आजही कमी देतो. मुलगा बाहेर चक्कर मारून आला तर चालतं. मुलगी कोपऱ्यात बसली तर ‘तोंड पाडून बसली’.) आता केटरर आला, बुफे आला. काम गेलं. उरलं नुसतं ताट हातात धरून बोलत उभं राहणं, म्हणजे नेमकं तेच जे या मुलांना सगळ्यात जड जातं.

त्यात मुहूर्ताची गोष्ट. पत्रिकेवर अकरा वाजून काही मिनिटं छापलेली असतात आणि नवरदेवाची वरात नाचत नाचत दोनला मांडवात येते. अक्षता टाकल्याशिवाय निघता येत नाही, आणि अक्षता कधी ते कोणालाच सांगता येत नाही. मोठ्या बोलक्या माणसाचाही इथे धीर सुटतो, मुलांचं काय घेऊन बसलात.

यावर हल्ली एक सोपा उपाय सांगितला जातो : कोणाला न सांगता हळूच निघून जा. परदेशात याला गमतीदार नावं आहेत. इंग्रज याला फ्रेंच लोकांची रीत म्हणतात, फ्रेंच म्हणतात ही इंग्रजांची, अमेरिकेत ते आयरिश लोकांच्या नावावर खपवतात. म्हणजे ही रीत कोणालाच आपली म्हणवत नाही. हा सल्ला आपल्या मुलांना देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं आपल्या रीतीतलं. न सांगता निघण्याची जागा आपल्याकडे आहे, पण ती दुःखाच्या घरी. मयताच्या घरून उठताना आपण ‘येतो’ म्हणत नाही. काही न बोलता उठतो, चपला घालतो, निघतो. ती शांतता तिथे शोभते. लग्नघरातून तसं निघालं तर यजमानाच्या मनात टोचतंच. ‘न सांगता गेले, न जेवता गेले’ यावरून आपल्याकडे वर्षानुवर्षं रुसवे चालतात. ‘आयरिश’ म्हणून ते मिटत नाहीत.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. 12 जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सवाची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, होळीच्या सुमाराची सैलानीची यात्रा किंवा शेगावला प्रकटदिनाची गर्दी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. सहल घेऊन गेलेल्या शिक्षकाला तर नाहीच. गर्दीचा त्रास होणारं मूल तिथे कोणाला न सांगता बाजूला गेलं तर पुढचे दोन तास काय होतात ते आपण जाणतो. अशा मुलाला ‘सर, मला गर्दीचा त्रास होतोय, मी तिकडे झाडाखाली बसू का?’ हे म्हणता आलं पाहिजे. आणि ते म्हणण्याची हिंमत तेव्हाच येते, जेव्हा याआधी असं म्हटल्यावर कोणी हसलेलं नसतं.

एक गोष्ट या मुलांना आवर्जून सांगावी. कधी थांबावं हे न कळणारे फक्त तेच नाहीत. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी 2021 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन-दोन माणसांना बोलायला बसवलं आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं, हे बोलणं कधी संपायला हवं होतं? दोघांनाही हवं तेव्हा संपलेली संभाषणं निघाली शंभरात दोनच्या आसपास. बाकीच्यांत कोणाला आधी उठायचं होतं, कोणाला आणखी बोलायचं होतं, आणि समोरच्याला काय हवं याचा अंदाज जवळपास कोणालाच आला नव्हता. आपण ‘थांब न, थांब न’ म्हणत असतो तेव्हा थांबवणाऱ्यालाही आतून आडवं व्हायचं असू शकतं.

आता आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, घराकडे वळू. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दाराजवळच्या खुर्च्या आधी भरतात, हे काय आपल्याला ठाऊक नाही? आणि सेवानिवृत्तीचा निरोप समारंभ! नाव निरोपाचं, पण पंधरा भाषणं होईपर्यंत तिथून निरोप कोणालाच मिळत नाही, सत्कारमूर्तींनाही नाही. स्वतः इतके अवघडणारे आपण स्नेहसंमेलनात मात्र ‘शेवटपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, एकही मूल हलणार नाही’ अशी सूचना माईकवरून देतो. मुलांना मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. पण संमेलनाच्या दिवशी एक वर्गखोली शांत ठेवता येते, एक शिक्षक तिथे बसू शकतो. ज्याला डोकं टेकायचं त्याने वीस मिनिटं तिथे बसावं आणि परत यावं. ही वीस मिनिटं मिळतील हे माहीत असलं की बहुतेक मुलं तिकडे फिरकतही नाहीत.

कामाचं म्हणाल तर पंगत गेली तरी काम उरलंच आहे. पडदा ओढणं, पाहुण्यांना पाणी देणं, प्रमाणपत्रं क्रमाने लावणं. अबोल मुलांना ही कामं शिक्षा म्हणून दिली जाऊ नयेत, नाही तर ‘तुला स्टेजवर काही जमत नाही, तू पडदा ओढ’ असा त्याचा अर्थ होतो. त्यांना विचारून द्यावीत.

‘अशानं पोरं जगात कशी टिकतील?’ हा प्रश्न येतोच. त्यांना सूटच सूट द्यावी असं मी म्हणत नाही. सख्ख्या आत्याच्या घरची पूजा आहे, जायलाच पाहिजे. वाकून नमस्कार करायलाच पाहिजे, जेवायला पाहिजे. मुद्दा फक्त शेवटच्या दोन तासांचा आहे. आणि जगात टिकण्याचंच म्हणाल तर आपल्या मेहकरचे ना. घ. देशपांडे मेहकरलाच वकिली करत राहिले, त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींच्या आवाजात महाराष्ट्रभर फिरली. सभासमारंभांपासून कटाक्षाने दूर राहणारे जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत होते, आणि माणसांशी त्यांचं नातं किती दाट होतं ते त्यांच्या पत्रांतून दिसतं. समारंभ न जमणाऱ्याला माणसं जमत नाहीत, हा आपला समज तेवढ्याने तरी ढिला व्हावा.

घरच्यांसाठी माझ्याकडे एकच सूचना आहे, ती गणपतीकडून घेतलेली. निघण्याची वेळ जाण्याआधी ठरवा. ‘आपण बाराला जाऊ, जेवण झालं की तू आणि बाबा निघाल, मी मागून येईन.’ हे मुलाला घरी सांगितलेलं असलं की ते तिथले तीन तास निर्धास्त घालवतं, कारण त्याला शेवट दिसत असतो. आणि ठरवलं की पाळा. ‘अजून पाचच मिनिटं’ हे वाक्य दोनदा म्हटलंत की तिसऱ्या वेळी मूल घरातूनच निघणार नाही.

आणि शाळेत? आपल्याकडे संवादलेखन आहे. दोन मित्रांतील संवाद, दुकानदार आणि ग्राहक, झाड आणि माणूस. यजमान आणि निघणारा पाहुणा हा संवाद कधी दिल्याचं आठवतं? मी तो दिला. अट एवढीच, की खोटं कारण सांगायचं नाही. आधी मुलं अडकली. मग एकाने लिहिलं, ‘काकू, भाजी खूप आवडली. आता मला घरी जाऊन शांत बसायचं आहे. रविवारी परत येतो.’ तीन छोटी वाक्यं. त्यात आभार आहे, खरं कारण आहे, आणि पुन्हा येण्याचा वायदा आहे. आपण मोठे एवढं नीट सांगतो का?

अडचण आली ती यजमानाच्या उत्तराला. जवळजवळ सगळ्या वह्यांत काकूंचं वाक्य एकच होतं : ‘आत्ता तं आला, थांब न, घरी काय दूध उतू चाललं काय?’ आग्रहाच्या पलीकडे काकू काय बोलू शकतात हे मुलांनी ऐकलेलंच नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी फक्त काकूंचं उत्तर पुन्हा लिहायला सांगितलं, आणि ते घरी आईला किंवा आजीला विचारून लिहून आणायचं होतं. बऱ्याच वह्या कोऱ्या आल्या. एका आजीने मात्र नातवाच्या हातून लिहून पाठवलं होतं, ‘बरं बेटा, ये मंग. अंधार पडायच्या आत पोच, अन् आईसाठी डब्यात बुंदी नेजो.’